डार्क

नेटफ्लिक्सवरील जर्मन रहस्यमालिका. या सेवेची जर्मन भाषेतील पहिली स्वनिर्मिती. निर्माते : दिग्दर्शक बारान बो ओडार व लेखिका यांत्ये फ्रीजे. प्रसारण २०१७–२०; तीन पर्वे, २६ भाग. २०१८ मध्ये जर्मनीतील ग्रिमे पुरस्कार.

कथानक : विंडेन या काल्पनिक गावात अणुवीजकेंद्राजवळच्या गुहेतून ३३ वर्षे मागे वा पुढे जाता येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये बेपत्ता झालेला मिकेल निल्सन १९८६ मध्ये बाहेर पडतो. पुढे १९५३, १९२१, १८८८ व भविष्यकाळही कथेत येतात.

वंशावळ : मालिकेचे खरे रहस्य येथे आहे; कालप्रवासाचे विज्ञान त्यामानाने उपरे वाटते. कानवाल्ड, निल्सन, डॉप्लर व टीडेमान ही चार घराणी. मिकेल १९८६ मध्येच राहतो, मिखाएल कानवाल्ड या नावाने वाढतो आणि नायक योनासचा बाप होतो. त्यामुळे योनास जिच्या प्रेमात आहे ती मिकेलची बहीण मार्था नात्याने त्याची सख्खी आत्या ठरते. शार्लोट डॉप्लर व तिची मुलगी एलिझाबेथ तर एकमेकींच्या आईही आहेत आणि मुलीही. वंशावळीला मूळपुरुष लागतो. येथे तो शोधायला गेल्यास शोधणारा पुन्हा नातवंडांपाशी येतो. प्रेक्षकाने कागद-पेन्सिल घेऊन बसावे, हेच बरे. लेखनाची शिस्त अशी की, पहिल्या पर्वात सहज वाटलेली नजर वा जखम तिसऱ्या पर्वात नात्याचा पुरावा ठरते.

पात्रयोजना : एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या वयांसाठी चेहरेपट्टी जुळणारे नट निवडले आहेत. योनासची भूमिका लुई होफमान, आंद्रेआस पीचमान व डीट्रिश होलिंडरबॉयमर या तिघांनी केली. पात्रनिवड सिमोने बेअर यांची. नात्यांचा गुंता पडद्यावर उलगडतो तो बव्हंशी या निवडीमुळे. एकाच माणसाची दोन वये शेजारीशेजारी दाखवणारी दृश्ये त्यासाठी मुद्दाम पाहावीत.

तारखा : दुसरे पर्व २१ जून २०१९ रोजी आले, कथेत मिखाएलच्या आत्महत्येची तारीख तीच. तिसरे पर्व २७ जून २०२० रोजी, म्हणजे कथेतील प्रलयाच्या दिवशी आले.

संगीत : बेन फ्रॉस्ट.

शेवट : घड्याळजी टानहाउस अपघातात गेलेले कुटुंब परत आणण्यासाठी यंत्र रचतो आणि त्यातून दोन जगे फुटतात. तो अपघात टळताच ती दोन्ही नाहीशी होतात. हा शेवट पुरेसा आहे का, याविषयी मतभेद आहेत.

ओडार व फ्रीजे या जोडीची बहुभाषी मालिका ‘१८९९’ (२०२२) एका पर्वानंतर बंद झाली.