गाथेत नसलेला ‘अभंग’ : संतकथा पडद्यावर गेली तेव्हा

१/ ‘आधी बीज एकले’ हे पद अनेक जण तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते तुकोबांच्या गाथेत नाही. १९३६ साली ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ या बोलपटासाठी ते शांताराम आठवले यांनी लिहिले. हा गैरसमज का झाला, याचे उत्तर मौखिक कथेच्या पडद्यापर्यंतच्या प्रवासात आहे.

२/ तुकोबांनंतर सुमारे शतकभराने ताहाराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) आणि पुढे ‘भक्तलीलामृत’ रचले. ओवीबद्ध असले तरी हे ग्रंथ मुख्यतः श्रवणासाठी होते. एकाने पोथी वाचावी आणि इतरांनी ऐकावी, अशी रीत होती.

३/ सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील वळसंगसारख्या गावांचा विचार करावा. मराठी-कानडीचा हा शेजार. पंढरपूरही याच जिल्ह्यातले. अक्षरओळख थोड्यांनाच असण्याच्या काळात संतचरित्र खेड्यापाड्यांत पोहोचले ते पोथी, भजन, भारूड आणि कीर्तनातून.

४/ नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करी आणि उत्तररंगात आख्यान लावी. श्रोत्यांचा कल पाहून तो प्रसंग फुलवी किंवा आटोपता घेई. पडद्याला ही मुभा नाही. एकदा चित्रित झालेला प्रसंग प्रत्येक गावी तसाच दिसणार.

५/ दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल आणि पटकथाकार शिवराम वाशीकर यांच्या चित्रपटात या अडचणीचे उत्तर कीर्तनाच्याच घडणीत सापडते. प्रसंग अभंगाकडे सरकतो, अभंगातून पुढचा प्रसंग उगवतो. केशवराव भोळे यांच्या संगीतातही भजनाचा साधेपणा राहिला.

६/ रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवलेले विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. त्यांच्या मुखी अभंग बोलण्याच्या ओघातच येतो. गौरी यांनी साकारलेली जिजाई मात्र भूक, मुले आणि रिकामे घर यांची बाजू मांडत विठोबाशी भांडते. भक्तीला संसाराचा जाब विचारणारा हा आवाज चित्रपटाने दबू दिला नाही.

७/ पुढे आफ्रिकेतही हाच प्रश्न उभा राहिला. सेनेगलचे उस्मान सेम्बेन फ्रेंचमध्ये लिहीत. त्यांच्या बहुसंख्य देशबांधवांना ते वाचता येत नव्हते. म्हणून ते चित्रपटाकडे वळले. १९६८ साली स्वतःच्याच लघुकादंबरीवरून त्यांनी वोलोफ भाषेत ‘मांदाबी’ केला. पश्चिम आफ्रिकेत इतिहास मुखोद्गत ठेवणाऱ्या कथेकऱ्यास ‘ग्रिओ’ म्हणतात. चित्रपटकार हा आजचा ग्रिओ, अशी सेम्बेन यांची धारणा होती.

८/ ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. परंतु या यशाची एक किंमत होती. प्रत्येक कीर्तनकाराचा तुकोबा थोडा निराळा असे. आता असंख्यांच्या मनातील तुकोबांना पागनीसांचा चेहरा मिळाला.

९/ याच चित्रपटातला सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवू पाहतो. प्रत्यक्षात उलटे घडले : आठवले यांचे पद तुकोबांच्या नावे जमा झाले. कोणी ते लाटले नव्हते. लोकांनी ते ऐकले, आपले मानले आणि कर्त्याचे नाव गळून पडले. मौखिक परंपरा रचना अशीच सांभाळते. पडद्याने तिच्याकडून कथा घेतली. तिने पडद्याकडून एक पद घेतले. त्या पदासोबत आठवले यांचे नाव घेणे, एवढे ऋण आपल्याकडे उरते.