टेबलावर घडलेला वैमानिक

हातातून सुटलेले ग्लायडर वाऱ्याने कलले, की खालून पाहणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. ते आपले आपण सावरावे म्हणून हौशी लोकांनी घरीच सर्किट बोर्ड बनवले. त्यांपैकी एकाची ही हकिगत.

२००७ मध्ये अमेरिकेतील 'वायर्ड' मासिकाचे संपादक ख्रिस अँडरसन यांनी मुलांसोबत लेगोच्या संचातून विमानाचा ऑटोपायलट जुळवला. त्याच सुमारास मेक्सिकोहून कॅलिफोर्नियात आलेला विशीतला जॉर्डी मुन्योझ ग्रीन कार्डाची वाट पाहत घरी बसला होता. नोकरी करता येत नव्हती, म्हणून व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमधले सेन्सर काढून तो खेळण्यातले हेलिकॉप्टर स्थिर करू पाहत होता. अँडरसन यांनी त्याला ५०० डॉलर पाठवले. २००९ मध्ये दोघांनी कंपनी काढली. इटलीत जन्मलेल्या स्वस्त आर्डुइनोवर आधारलेला 'आर्डुपायलट' बोर्ड याच खटपटीतून आला.

सुरुवातीचे तत्त्व शाळेतल्या उष्णतेच्या धड्यातले होते. जमीन उबदार, आकाश थंड. पंख कलला की त्या बाजूच्या अवरक्त सेन्सरला जमीन जास्त दिसते, विरुद्ध बाजूच्याला आकाश. हा फरक मिटेपर्यंत बोर्ड सर्व्हो मोटारींकरवी विमान सावरतो. दाट धुक्यात ही युक्ती फसते. पुढे जायरोस्कोप आले.

प्रोग्राम आणि आराखडे सर्वांसाठी खुले ठेवल्याने जगभरच्या हौशींनी त्यात सुधारणा केल्या. मित्रहो, शाळेच्या प्रयोगशाळेला काही द्यायचेच असेल, तर सोल्डरिंगचे सामान, सुटे भाग आणि ते खोलून पाहण्याची मोकळीक देऊ या.