खुंटीच नसलेलं रक्त

संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर गल्लीतली चार-पाच मुलं अभ्यासाला बसतात. मी जुनी बी.ए.; मराठी आणि इतिहास बघायचा, एवढंच ठरलेलं. पण मुलांना विषयाच्या भिंती कुठल्या? दहावीतली एक पोर विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली, आणि आईवडिलांचा रक्तगट मुलांत कसा उतरतो तो तक्ता मी तिला मोठ्या हौसेने समजावला. आई ओ, वडील ओ, तर मूल ओच. ती म्हणाली, "पण काकू, मी बी आहे की! शाळेतल्या कॅम्पात कार्ड दिलंय. आई-बाबा दोघंही ओ."

मी म्हटलं, बघू उद्या. पण पोरीने घरी जाऊन सगळं सांगितलं. चार दिवसांनी तिची आई दळणाचा डबा घेऊन आली आणि डबा खाली ठेवताच रडायला लागली. "वहिनी, आत्या काही बोलत नाहीत. पण तीन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही त्यांनी." तिची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. बापाच्या पाठच्या बहिणीनेही भाचीवर विश्वास ठेवला नाही, एका कागदावर ठेवला. आणि तो तक्ता शिकवला होता मी! मग उत्तर शोधणं माझ्याच अंगावर आलं.

शोधायला लागले तर गोष्ट विज्ञानाची कमी आणि इतिहासाची जास्त निघाली. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे गट पाडून दाखवले. त्यानंतर पन्नास वर्षं नियम पक्का होता. ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं, आणि ओ माणसाला ओ चालतंच चालतं. हा नियम मोडला आपल्या मुंबईत.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना अशी माणसं सापडली की ज्यांचं रक्त तपासणीत ओ दिसायचं, पण ओ गटाचं रक्तही त्यांना जुळेना! नमुने लंडनला गेले. तिथल्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्यांत दोन बायका होत्या, रूथ सँगर आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. मुंबई आणि लंडनच्या मंडळींनी मिळून 'लॅन्सेट'मध्ये तो शोध छापला. जगभरच्या पुस्तकांत त्याला आजही 'बॉम्बे ब्लड ग्रूप' म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्ताचं तसंच राहिलं.

आता त्यातलं गुपित, मला जसं समजलं तसं. तांबड्या पेशीच्या भिंतीवर एक खुंटी असते, असं समजा. तिला म्हणतात एच. या खुंटीवर कुणाच्या ए पिशवी लटकते, कुणाच्या बी, कुणाच्या दोन्ही. ज्याची खुंटी रिकामी, तो ओ. या पिशव्या म्हणजे साखरेचे कण, आणि खुंटीचं टोकही साखरेचंच. वॉटकिन्सबाईंनी पुढे मॉर्गन यांच्याबरोबर आयुष्यभर हीच साखर उलगडली. बॉम्बे गटाच्या माणसाला मुळात खुंटीच नसते. त्याच्याजवळ बी पिशवी असली तरी ती लटकवायची कुठे? तपासणाऱ्याला पिशवी दिसत नाही, म्हणून तो लिहितो 'ओ'. पण त्या शरीराने खुंटी कधी पाहिलेलीच नसते. म्हणून साधं ओ रक्त चढवलं तरी ते तिला परकी समजून तिच्यावर तुटून पडतं. अशा माणसाला त्याच्यासारख्याचंच रक्त लागतं.

खुंटी का नसते? आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत डीएनए नावाची लांबलचक पोथी असते आणि ती चारच अक्षरांत लिहिलेली असते. त्यातली एकेक पाककृती म्हणजे जनुक. रक्तगटाच्या पिशवीची कृती नवव्या गुणसूत्रावर आणि खुंटीची एकोणिसाव्यावर, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या पानांवर. नक्कल करताना एखादं अक्षर चुकतं, त्यालाच उत्परिवर्तन म्हणायचं. भारतात बॉम्बे गटाच्या लोकांत नेहमी सापडणारी चूक केवढीशी, तर ७२५व्या जागी टी पाहिजे तिथे जी. हे अक्षर सापडायला १९९०चं दशक उजाडलं. भेंडे यांनी ते रक्त पाहिलं तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती. ती १९५३ साली कळली.

प्रत्येक पाककृतीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत चांगली असली तरी खुंटी बनते. दोन्ही चुकीच्या आल्या तरच बनत नाही. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं पूर्वापार होत आली. ज्याच्या आईवडिलांचे आजोबा एकच, त्याला दोन्हीकडून तीच चुकीची प्रत मिळण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमियाचंही असंच. म्हणून सोयरीक ठरवताना पत्रिकेबरोबर रक्ताचा कागदही बघावा, असं मला मनापासून वाटतं.

१९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांच्यापुढे असंच एक घर आलं. आई तपासणीत ओ दिसत होती, पण लेकीत बी उतरलं होतं. आईजवळ बी होतं, फक्त झाकलेलं. लेकीला दुसरीकडून चांगली खुंटी मिळाली आणि आईची पिशवी तिच्यावर दिसायला लागली. लेकीच्या रक्तानेच आईची साक्ष दिली, म्हणा ना! हे वाचताना मी चष्मा काढून डोळे पुसले.

मग मीच पोरीच्या आईवडिलांना घेऊन ब्लड बँकेत गेले. तिथल्या डॉक्टरांनी दोघांची तपासणी नव्याने केली. बॉम्बे वगैरे काही नव्हतं. वडीलच बी गटाचे निघाले! वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा लॅबने दिलेलं त्यांचं कार्ड चुकलेलं होतं. बॉम्बे गट आपल्या देशात दहा हजारांत एखादा असं सांगतात. कागदावरची चूक मात्र कुठल्याही घरात होऊ शकते.

पण बघा, पोथीतलं अक्षर चुकलं असो की कार्डावरचं, संशय कुणावर गेला? बाईवर. वडिलांचं कार्ड तपासून बघावं, हे तीन दिवसांत एकालाही सुचलं नाही. मलाही पहिल्या दिवशी सुचलं नव्हतं, हे कबूल करते.

आता तक्ता शिकवताना मी मुलांना आधी सांगते, हा नियम खरा आहे, पण पोथीत अक्षरं चुकतात आणि लिहिणाऱ्या हातांकडूनही चुकतात. मग मुंबईची गोष्ट सांगते. परवा त्या आत्याबाई कट्ट्यावर टेकल्या आणि शेवटपर्यंत ऐकत बसल्या. उठताना सुनेला हाक मारून म्हणाल्या, "चहा टाक गं. काकूंना पण."