तिवऱ्याची किंमत

रायपूरचा सदर बाजार सराफांच्या पेढ्यांसाठी ओळखला जातो. ही पेठ ज्या भाताच्या मुलखात वसली, तिथल्या गरिबाच्या चुलीवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या एक स्वस्त डाळ शिजत आली आहे. तिचं नाव तिवरा. पूर्व विदर्भात हीच लाखोळी.

भात उभा असतानाच ओल्या बांधीत तिचं बी फेकतात. नांगरट नाही, पाणी देणं नाही. या पेरणीला छत्तीसगडात उतेरा म्हणतात. दुष्काळात बाकीची पिकं करपली तरी तिवरा तग धरतो, आणि घात तिथेच होतो.

विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागातली हकिगत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून ओळीने काही वर्षं गहू बुडाला. लोक याच डाळीवर जगले आणि १८३३ पासून धडधाकट तरुणांचे पाय निकामी होऊ लागले. आधी चाल अवघडते, मग एक काठी लागते, मग दोन, शेवटी माणूस हातांवर सरपटतो. बुद्धी आणि वाचा मात्र शाबूत राहते. आयुर्वेदात या विकाराला ‘कलायखंज’ असं नावच आहे, म्हणजे डाळीवरचा संशय फार जुना.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातही असेच पाय ताठरतात, पण तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते. त्यामागे एकच कारण सापडत नाही. एपस्टाइन-बार विषाणूचा मोठा वाटा असल्याचं २०२२ साली सुमारे १ कोटी अमेरिकी सैनिकांच्या नोंदींतून दिसलं; शिवाय आनुवंशिकता, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान.

तिवऱ्याचा गुन्हेगार मात्र हाती लागला. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सर्मा यांनी त्यातलं विषारी अमिनो आम्ल वेगळं काढलं. पण विष काही सगळ्यांना सारखं बाधलं नाही. चार घास खाणारा सुटायचा. महिनोन्‌महिने दुसरं काहीच न मिळणारा अडकायचा. रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या डाळीत मिळे. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, पण ती अशा मजुराच्या ताटापर्यंत कशी पोचणार?

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने वेगळी वाट धरली. पीक उपटण्याऐवजी ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे कमी विषाचे वाण त्यांनी दिले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं, तरी विष बरंच उतरतं.