परत परत उडणारा फ्यूज
गाडीचा फ्यूज सारखा उडतोय म्हटल्यावर सरळ जास्त अँपिअरचा ठोकून देणारे महाभाग मला आजही भेटतात. खोड जुनीच आहे मंडळी! काचेच्या नळीवाल्या फ्यूजच्या जमान्यात लोक त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचे. मग फ्यूज शाबूत, वायर खाक...

१९७६ साली अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने दोन पात्यांचा, प्लास्टिकचा फ्यूज आणला. १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा. चुकीचा रंग लगेच दिसतो, पण आकार एकच असल्याने बसतो मात्र बिनबोभाट! (इथेच डिझाइन गंडलं, असं माझं मत.)

जुने मेकॅनिक फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडतात. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटतो. मग वायरिंग हलवत जायचं. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो, तिथेच सोललेली वायर.