तिळाच्या लाडूतला तीळ वावरातून कसा गेला

संक्रांत आली की घरोघरी लाडू. आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तोंडी तो ‘तीयगूय’च. त्यातला गूळ तसा आपला कधीच नव्हता. इकडं ऊस थोडा, गूळ बाजारातूनच यायचा. तीळ मात्र घरचा असायचा. आता तोही दुकानातून आणतो, पांढराफेक, पॉलिश केलेला. हे कसं झालं ते लिहून ठेवतो, कारण नव्या पोरांना वाटते की तीळ आपलं पीकच नव्हतं.

हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडले, चार हजार वर्षांहून जुने. ‘तेल’ हा शब्दच तिळावरून आला. म्हणजे जवस घ्या, करडी घ्या, सरकी घ्या, नाहीतर आताचं सोयाबीन, सगळ्यांच्या तेलाला नाव तिळाचंच.

बरेच लोक म्हणतात, कापसानं तीळ घालवला. मले ते पटत नाही. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1867 पर्यंत रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. पराटी वाढली हे खरं. पण तीळ त्या पराटीतच राहिला, ज्वारीतही राहिला. कारण पेरणी तिफनीची होती. तिफनीमागं सरता बांधायचा, बाई मागून चालत मुठीनं दुसरं बी सोडायची. आठ-दहा तासांनंतर एक तास तुरीचं, कडेला तीळ, अंबाडी, बरबटी. याला इरवा म्हणत. मुख्य पीक बाजाराचं आणि मालकाचं, इरवा घराचा आणि बाईचा. माझी माय तिळाचं बी गाडग्यात राखेत ठेवायची, त्याला कोणी हात लावायचा नाही.

तीळ काढणं नाजूक काम. बोंड्या खालून वर पिकतात, एक दिवस उशीर झाला की उलतात आणि दाणा भुईवर. म्हणून खालच्या बोंड्या पिवळ्या पडल्या की झाड कापायचं, पेंढ्या बांधून खळ्यात उभ्या ठेवायच्या, आठवडाभरानं कापडावर उलट्या करून झटकायच्या. थोडा लाडवाला, थोडा चटणीला, उरला तर तेल्याच्या घाणीवर. ढेप बैलाला.

मोडलं ते सोयाबीनच्या वेळी. 1990 नंतर ते इकडं पसरलं आणि सोबत ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र आलं, तणनाशक आलं, मळणीयंत्र आलं. सोयाबीनमध्ये रुंद पानाच्या तणाचा जो फवारा मारतो, त्यात तीळही जळतो, तोही रुंद पानाचाच. यंत्राच्या मागं सरता बांधून चालायला बाई राहिली नाही. भाव नव्हता म्हणून तीळ गेला, असं कोणी सांगितलं तर मानू नका; इरव्याच्या तिळाला भाव कोण विचारत होतं? भारी जमिनीत पाणी साचलं की तीळ मरतो, पर्णगुच्छ येतो, हे सगळं आधीही होतंच की. पेरायची पद्धत बदलली तशी त्याची जागाच संपली.

आता लाडू. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो गूळ, पाव किलो भाजून भरडलेले शेंगदाणे, दोन चमचे तूप, वेलची. तीळ मंद आचेवर, तडतडायला लागले की लगेच उतरवा, पुढं कडू होतात. गूळ तुपात वितळवा, थेंब पाण्यात टाकला की बोटानं मऊ गोळी वळली पाहिजे. गोळी कडक झाली तर ती चिक्की, लाडू दाताला लागतो. गरम असतानाच ओल्या हातानं वळा. साल असलेला तीळ मिळाला तर तोच घ्या. रंग काळपट येतो, पण तिळातलं कॅल्शियम बहुतेक सालीतच असते आणि चवही खमंग.

खरीपात इरवा परत येईल असं मले वाटत नाही. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे, त्यानं उन्हाळी तीळ करून पाहावा. उन्हाळ्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेटी-101 हे वाण आहे. (विद्यापीठाला ज्यांचं नाव, ते पंजाबराव देशमुख आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे.) पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. साधारण नव्वद-पंच्याण्णव दिवसांत येतो, म्हणजे पावसाच्या आधी घरात. घरापुरतं म्हटलं तर पाच-सात गुंठे पुरे. एकरी सव्वा ते दीड किलो बी लागते. ते फार बारीक, म्हणून चाळलेल्या शेणखतात नाहीतर वाळूत मिसळून पेरा. इंचाच्या खाली जाऊ देऊ नका, आणि पंधरा-वीस दिवसांनी विरळणी करा.