शेगडीवर शिजवलेले गांडूळ : मऊ प्लास्टिकच्या आमिषाचा इतिहास

(१)
आजचा धागा एका गांडुळाविषयी आहे. हे गांडूळ मातीत जन्मले नाही. १९४९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन नावाच्या शहरात, निक आणि कॉस्मा क्रीम या दाम्पत्याने ते घरच्या शेगडीवर शिजवून साच्यात ओतले. इतिहासाच्या ग्रंथांत त्याला कोणी ओळभरही जागा दिलेली नाही. तरी रबराचा उद्योग, धरणांचे युग आणि जपानमधील एक कायदा या तिन्ही गोष्टी त्याच्या शेपटीला बांधलेल्या आहेत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

(२)
आधी माशाची ओळख. येथे बास म्हणजे आपल्या रायगडच्या खाड्यांतील जिताडा नव्हे, जरी बाजारात त्यालाही 'सी बास' म्हणतात. अमेरिकन बास हा गोड्या पाण्याचा शिकारी आहे. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रकार लार्जमाउथ, म्हणजे थोरल्या जबड्याचा. पाणवनस्पतींच्या कडेला किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या सावलीत तो दबा धरून बसतो. भक्ष्य टप्प्यात आले की जबडा एकदम उघडतो आणि पाण्याबरोबर तेही आत ओढले जाते. बेचव किंवा टणक वस्तू आत आली तर तितक्याच वेगाने तो ती बाहेर थुंकतो. ही थुंकण्याची खोड लक्षात ठेवा, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते.

(३)
कोणत्या माशाला कोणते आमिष, हा प्रश्न फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे आणि त्यात माशांच्या जातींनुसार आमिषांचा विचार केलेला आढळतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधील डोवाजिॲक येथे जेम्स हेडन यांनी लाकूड कोरून कृत्रिम आमिषे बनवली आणि त्यांचा मोठा धंदा उभा राहिला. रंगवलेले, काचेच्या डोळ्यांचे, पोटाखाली तीन तोंडांचे गळ लटकणारे हे लाकडी मासे दिसायला देखणे होते. मात्र बासच्या जबड्याला लाकूड लागताच त्याला फसवणूक कळे. गळ तत्क्षणी रुतला तर रुतला, नाहीतर संधी गेली.

(४)
आता थोडे मागे, १९२६ सालात जाऊ. शहर तेच, ॲक्रन. गुडरिच, गुडइयर, फायरस्टोन या टायर कंपन्यांचे हे माहेर. साऱ्या जगाची रबर-राजधानी म्हणून ते मिरवत असे. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला पक्के चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यासाठी त्यांनी पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे आजचे पीव्हीसी, हाती घेतले. तेव्हा हा पदार्थ कडक, ठिसूळ आणि जवळजवळ निरुपयोगी मानला जाई. उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकात त्यांनी तो तापवला. चिकटवणारा पदार्थ काही मिळाला नाही. भांड्यात उरला तो थुलथुलीत, दाबला की पुन्हा उसळणारा गोळा.

(५)
या फसलेल्या प्रयोगातून मऊ पीव्हीसी जन्मले. पुढे त्यातून विजेच्या तारांची आवरणे, रेनकोट, पडदे आले. आपल्या कथेला हवे असलेले त्याचे रूप म्हणजे प्लास्टिसॉल : पीव्हीसीची बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवलेली. थंड असताना ती दुधासारखी वाहते. साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की पूड तो द्रव शोषून घेते, आणि निवल्यावर मऊ, लवचिक घट्ट पदार्थ हाती येतो. द्रव जास्त घातला की आमिष मऊ, कमी घातला की चिवट. खरवस मऊ की घट्ट, हे जसे चिकाच्या आणि दुधाच्या प्रमाणावर ठरते, तसेच काहीसे. कारखान्याची गरज नाही. शेगडी, भांडे आणि साचा पुरे.

(६)
क्रीम दाम्पत्याने नेमके हेच केले. निक हे यंत्रकाम करणारे कारागीर आणि मासेमारीचे वेडे. व्हिनाइल, तेले आणि रंग यांची मिश्रणे करून पाहता पाहता त्यांना हवे तसे गांडूळ साधले. बोटांत धरले तर लुळे पडावे आणि पाण्यात सोडले तर आपसूक वळवळावे. १९५१ मध्ये टपालाने विक्री सुरू झाली, एका डॉलरला पाच. ॲक्रनमध्येच हे का घडले याचा वेगळा शोध घ्यावा लागत नाही. ज्या शहराच्या हवेतच रबराचा वास भरलेला, तेथे लवचिक पदार्थांशी खेळणारी माणसे असायचीच.

(७)
या गांडुळाने नेमके काय बदलले? दिसण्यात ते लाकडी माशापुढे अगदीच गबाळे होते. बदलला तो वेळ. मऊ वस्तू तोंडात आली की बास ती लगेच थुंकत नाही; खऱ्या भक्ष्यासारखी चावून पाहतो, घेऊन चालू लागतो. काठी धरणाऱ्याला एखादा क्षण जास्त मिळतो. माझ्या मते या आमिषाचे सारे यश त्या वाढीव क्षणात आहे. रंग, वास, चकाकी ही नंतरची सजावट.

(८)
तरीही एक अडचण उरली. सुरुवातीची गांडुळे उघड्या गळांसह विकली जात; सोबत मणी आणि छोटा पंखाही असे. मोकळ्या पाण्यात ती चालत. पण १९६० च्या दशकात टेक्सासच्या पूर्वेकडे सॅम रेबर्न आणि टोलेडो बेंड यांसारखे अजस्र जलाशय भरले, तेव्हा हजारो एकरांवरील उभे अरण्य पाण्याखाली गेले. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे मंदिर वर येते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेथे गावांऐवजी झाडे बुडाली. त्या बुडालेल्या फांद्यांत बासने घर केले, आणि उघडा गळ तर पहिल्याच फेकीत फांदीला अडके. क्रीम यांनीही १९६० च्या सुमारास आपला कारखाना टेक्सासमधील टायलर येथे हलवला होता.

(९)
यातून जी जोडणी रूढ झाली तिला 'टेक्सास रिग' म्हणतात. तिचा जनक कोण, याविषयी अनेक दावे आहेत आणि ते सारे बाजूला ठेवलेले बरे. रचना सोपी आहे. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिसे मोकळे ओवायचे आणि मग गळ बांधायचा. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर खुपसून बाजूने बाहेर काढायचे, गळ फिरवायचा, आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचे. आता हे आमिष फांद्यांतून सरपटत जाते, कोठेही अडकत नाही. शत्रूच्या मुलुखातून वेश पालटून जाणाऱ्या हेरासारखे म्हणा.

(१०)
ते खेळवण्याची रीत संयमाची आहे. फेकल्यावर तंगूस किंचित सैल ठेवून आमिष तळाशी जाऊ द्यायचे. बहुतेक वेळा मासा ते खाली पडत असतानाच घेतो. मग काठीचे टोक हळूच उचलायचे, पुन्हा सोडायचे, पुन्हा थांबायचे. ओढल्यासारखा झटका येईलच असे नाही. कधी नुसती टकटक जाणवते, कधी तंगूस बाजूला सरकू लागतो. अशा वेळी काठी खाली झुकवून ढील संपवायची आणि मग जोराने ओढायचे, कारण गळाच्या टोकाला आधी प्लास्टिक भेदायचे आहे, मग जबडा. शिसे साधारण ७ ग्रॅमचे पुरते. वारा, खोली किंवा दाट झाडोरा असेल तर जड हवे. मासा बुजरा असेल तर जेवढे हलके तेवढे चांगले.

(११)
या कौशल्याला रंगभूमी दिली ती रे स्कॉट यांनी. अलाबामातील या विमा-विक्रेत्याने जून १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेकवर बास पकडण्याची स्पर्धा भरवली. १०६ स्पर्धक आले, प्रत्येकी १०० डॉलर प्रवेशशुल्क भरून. त्यातून बी.ए.एस.एस. ही संघटना उभी राहिली. १९७१ मध्ये नेवाडातील लेक मीडवर पहिली 'बासमास्टर क्लासिक' झाली. स्पर्धकांना विमानात बसेपर्यंत सरोवराचे नावही सांगितले नव्हते. बॉबी मरी यांनी १०,००० डॉलर जिंकले. पैसा आला तशी आमिषांची भरभराट झाली. १९७२ पासून स्कॉट यांनी पकडलेला मासा जिवंत ठेवून परत पाण्यात सोडण्याचा आग्रह धरला. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

(१२)
त्याच काळात अलाबामाच्या युफॉला येथील टॉम मान यांनी 'जेली वर्म' आणले : फळांच्या रंगांची आणि फळांच्याच वासाची गांडुळे. बासने आयुष्यात कधी द्राक्ष वा बोर चाखले असेल? हा सुगंध माशासाठी की गिऱ्हाइकासाठी, अशी शंका मला येते. मात्र रंगाच्या निवडीला थोडा आधार आहे. गढूळ पाण्यात काळा, गडद निळा किंवा जांभळा रंग उठावदार आकृती देतो. नितळ पाण्यात पारदर्शक हिरवट-तपकिरी रंग संशय कमी करतो. बहुतेक अनुभवी मासेमार एवढ्या दोन नियमांवर भागवतात आणि डब्यात मात्र चाळीस रंग बाळगतात.

(१३)
आकारांचा इतिहास पाण्यागणिक बदलतो. पश्चिमेकडील नितळ, खडकाळ जलाशयांसाठी बॉबी गारलंड यांनी पोकळ नळीचे आमिष लोकप्रिय केले; तिच्या टोकाला झिरमिळ्या असत. कनेटिकटच्या हर्ब रीड यांचे 'स्लग-गो' झटके दिले की जखमी माशासारखे वेडेवाकडे धावे. आणि लेक पॉवेलच्या काठी, ॲरिझोनातील पेज गावी, जपानी वंशाचे गॅरी यामामोटो यांनी १९९० च्या दशकात 'सेंको' आणले. दिसायला जवळजवळ पेनासारखी काडी. ना शेपूट, ना पाय. दुकानात पाहणाऱ्याला यात काय विशेष असे वाटावे.

(१४)
विशेष होते त्यातील मीठ. मिठाने जड झालेली ही काडी शिसे न लावताच आडवी बुडते आणि बुडताना दोन्ही टोके थरथरतात. मधोमध गळ टोचून नुसती सोडून द्यावी, तर काहीही न करणे हीच तिची रीत. पण मिठामुळे ती नाजूक होते. दोन-तीन मासे लागले की फाटून निसटते. काही मासेमार ती वाचवण्यासाठी मध्ये रबरी कडे चढवतात. बाकीच्या काड्या तळाशी जातात.

(१५)
आता जपान. १९२५ मध्ये उद्योजक तेत्सुमा आकाबोशी यांनी कॅलिफोर्नियातून बास आणून हाकोनेच्या आशी सरोवरात सोडले. पुढे ते देशभर पसरले. तेथील सरोवरांवर मासेमारांची इतकी गर्दी की मासे अतिशय सावध झाले, आणि म्हणून शिसे तळाशी व छोटे आमिष त्याच्या वर तरंगते, अशी 'ड्रॉप शॉट' जोडणी तेथे बहरली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेत पोहोचली. मासा गेला पूर्वेकडे, युक्ती परत आली पश्चिमेकडे.

(१६)
मात्र बिवा या प्राचीन सरोवरातील देशी मासे बासच्या पोटात जाऊ लागले. शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास पुन्हा बिवात सोडण्यास मनाई केली. २००५ मध्ये परकीय उपद्रवी प्रजातींविषयीचा राष्ट्रीय कायदा लागू झाला आणि जिवंत बास बाळगणे, वाहून नेणे, सोडणे बेकायदा ठरले. स्कॉट यांनी अलाबामात जे सत्कृत्य म्हणून शिकवले, ते बिवाच्या काठी अपराध ठरले. माझ्या दृष्टीने दोन्ही बाजू आपापल्या पाण्यापुरत्या बरोबर आहेत.

(१७)
आणि तळाशी गेलेल्या त्या काड्या? पीव्हीसी कुजत नाही. ज्या आशी सरोवरात जपानचा पहिला बास उतरला, तेथेच मऊ प्लास्टिकच्या आमिषांवर बंदी घालण्यात आली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात अशा आमिषांवर बंदीचे विधेयक आले. त्याला मासेमारांनी कडाडून विरोध केला आणि शेवटी प्रकरण अभ्यासावर गेले. बाजारात विघटनशील आमिषे आहेत, पण ती उघडी राहिली की सुकतात. प्लास्टिसॉल वर्षानुवर्षे डब्यात मऊच राहते. जो गुण हातात हवासा, तोच सरोवरात नकोसा.

(१८)
एक विक्रमही सांगून टाकतो. जगातील सर्वांत वजनदार लार्जमाउथचा मान दोघांत विभागलेला आहे : जॉर्ज पेरी, जॉर्जिया राज्य, २ जून १९३२, आणि मानाबू कुरिता, बिवा सरोवर, २००९. दोन्ही मासे १० किलोंहून किंचित अधिक वजनाचे. पेरी यांचे आमिष लाकडी होते, कुरिता यांचे जिवंत मासा. मऊ प्लास्टिकचे गांडूळ या यादीत नाही. ते रोजच्या शिकारीचे हत्यार आहे.

(१९)
आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे, आणि तिच्या मागे लागलेले हौशी मासेमार पोकळ, मऊ बेडूक वापरतात. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. मरळीने बेडूक दाबला की ते उघडे पडतात. पाणवनस्पतींवरून तो न अडकता सरकतो, टेक्सासच्या त्या गांडुळासारखाच. आपल्या भागातील तलावांवर मरळीसाठी काय वापरतात, जिवंत बेडूक की रबरी, आणि गळाला, शिशाला स्थानिक नावे कोणती आहेत, ते खाली अवश्य लिहा.